अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून एचआरची असोसिएट डिग्री करावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिसन असो, फ्रीमाँट असो की डॅलस, मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी हा विषय निघतोच. मुलं शाळेत जायला लागलेली असतात, ईएडी (काम करायची परवानगी देणारं कार्ड) आलेलं असतं किंवा येणार असतं, कोडिंग शिकायची इच्छा नसते आणि कुणीतरी म्हणतं, "कम्युनिटी कॉलेजात एचआर कर की, दोन वर्षांत होतं." मग एकामागून एक प्रश्न. ते सगळे इथे एकत्र घेतले आहेत.

माझं मत आधीच सांगते. बारावीनंतर शिक्षण राहून गेलं असेल, तर असोसिएट डिग्री हा स्वस्त आणि चांगला रस्ता आहे. भारतातली पदवी हातात असेल, तर बहुतेकांना तिची गरज नाही. त्यांच्यासाठी याहून जवळचा रस्ता आहे.

असोसिएट डिग्री म्हणजे नक्की काय? डिप्लोमा की पदवी?

दोन्हींच्या मधलं काहीतरी. साधारण ६० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक), पूर्णवेळ केली तर दोन वर्षं. इथल्या चार वर्षांच्या बॅचलर डिग्रीचा पहिला अर्धा भाग समजा. ती मुख्यतः कम्युनिटी कॉलेजात मिळते. ही कॉलेजं स्थानिक लोकांसाठी, कमी फीवर, फारशी चाळणी न लावता शिकवायला सुरू झाली. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१चं, सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांमधलं सर्वांत जुनं.

माहितीपत्रकात एक बारीक गोष्ट असते आणि लोक तिथेच फसतात. असोसिएट डिग्रीचे प्रकार आहेत. एए (आर्ट्स) आणि एएस (सायन्स) या पुढे विद्यापीठात जाऊन बॅचलर पूर्ण करण्याच्या हिशेबाने आखलेल्या असतात. एएएस, म्हणजे 'अप्लाइड सायन्स'वाली, थेट नोकरीसाठी असते. एचआरची असोसिएट डिग्री बऱ्याच कॉलेजांत एएएस असते. तिचे सगळे क्रेडिट पुढचं विद्यापीठ घेईलच असं नाही. पुढे बॅचलर करण्याचा थोडा जरी विचार असला, तरी काउन्सेलरला पहिला प्रश्न हाच विचारा: यातले किती क्रेडिट कुठल्या विद्यापीठात ट्रान्सफर होतात? उत्तर लेखी घ्या, तोंडी नको.

शिकवतात काय?

निम्मं एचआर, निम्मं सर्वसाधारण. एचआरच्या बाजूला ओळखीचा कोर्स, भरती आणि निवड, पगार आणि बेनिफिट्स, प्रशिक्षण, रोजगार कायदा, ऑर्गनायझेशनल बिहेवियर. सर्वसाधारण बाजूला इंग्रजी लेखन, गणित किंवा स्टॅटिस्टिक्स, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, अकाउंटिंग, कॉम्प्युटर. बी.कॉम. झालेल्यांना अकाउंटिंग आणि अर्थशास्त्र म्हणजे उजळणी. रोजगार कायदा मात्र सगळ्यांनाच नवा असतो, आणि दोन वर्षांत खरी किंमत वसूल होते ती याच एका विषयात.

माझं भारतातून बी.कॉम. (किंवा बी.ए., बी.एस्सी.) झालंय. मी असोसिएट करू का?

बहुधा नको. कारण सांगते.

एचआर स्पेशालिस्टच्या जाहिरातीत 'बॅचलर्स डिग्री' मागतात. ती तुमच्याकडे आहे. फक्त ती इथल्या माणसाला समजेल अशा कागदावर नाही. तो कागद म्हणजे क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली डब्ल्यूईएस, आणि तशा इतर संस्था हे काम करतात. नेसेस या संघटनेची सदस्य असलेली संस्था निवडावी, कारण कॉलेजं आणि कंपन्या त्यांचे अहवाल सहज मानतात.

आता आपला नेहमीचा अडसर: आपली तीन वर्षांची पदवी. काही संस्था विद्यापीठाची मान्यता आणि तुमचा क्लास पाहून तिला बॅचलरच्या बरोबरीचं मानतात, काही फक्त तीन वर्षांचे क्रेडिट देतात. म्हणून अर्ज करण्याआधी त्या संस्थेच्या वेबसाइटवर आपल्या विद्यापीठाबद्दल काय म्हटलंय ते बघा. एम.कॉम., एम.पी.एम. (पर्सोनेल मॅनेजमेंट) किंवा दुसरी कुठलीही पदव्युत्तर पदवी असेल तर तीही सोबत द्या. त्याने चित्र पुष्कळ बदलतं.

दुसरा अडसर नावाचा. मार्कशीटवर 'कुलकर्णी स्मिता दत्तात्रय', पासपोर्टवर 'सायली निखिल देशपांडे'. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, मधलं नावही बदललं. इव्हॅल्युएशन करणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. अशा वेळी विवाह नोंदणी दाखला लागतो, आणि नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर सोन्याहून पिवळं. हे कागद पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या कपाटात असतील तर पुढच्या फेरीत घेऊनच या. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं. त्यासाठी माहेरच्या कुणालातरी परीक्षा विभागाच्या चकरा माराव्या लागतील, हे त्यांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

इव्हॅल्युएशन हातात आलं की मग त्याच कम्युनिटी कॉलेजात एचआरचं सर्टिफिकेट करा. त्यात सर्वसाधारण विषय नसतात, फक्त एचआरचे मोजके कोर्स असतात. शिक्षक तेच, वर्ग तोच, बऱ्याचदा शेजारी असोसिएटचेच विद्यार्थी. इंग्रजी निबंध आणि बीजगणित पुन्हा करण्यात दोन सेमेस्टर जात नाहीत.

याला अपवाद दोन. इव्हॅल्युएशनमध्ये पदवी फारच तोकडी ठरली आणि इथे बॅचलरच पूर्ण करायचं असेल, तर भारतातले क्रेडिट जमा करून घेऊन उरलेले कम्युनिटी कॉलेजात करणं शहाणपणाचं. आणि दुसरा, शिक्षण सुटून बरीच वर्षं झालीत, वर्गात बसण्याचाच आत्मविश्वास परत हवाय. तेही कारण खरंच आहे. पण मग एकेक कोर्स घ्या, डिग्रीला नाव घालायची घाई नको.

एच-४ वर शिकता येतं का?

येतं. एच-४ म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा. त्यावर अर्धवेळ, पूर्णवेळ, कसंही शिका. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यायची गरज नाही. एल-२ वरही (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) तसंच.

काम करणं ही वेगळी गोष्ट. एच-४ वर ईएडीशिवाय काम करता येत नाही. ईएडी मिळायला जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर असावा लागतो, किंवा त्याला सहा वर्षांपुढची एच-१बी मुदतवाढ मिळालेली असावी लागते. हा नियम मे २०१५ पासून आहे. एल-२ जोडीदारांना मात्र नोव्हेंबर २०२१ पासून स्टेटसबरोबरच कामाची परवानगी मिळते, वेगळं ईएडी लागत नाही. याची कल्पना अजूनही कित्येकांना नसते.

शिक्षणाचं वेळापत्रक ईएडीशी जुळवून बघा. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना जुनं ईएडी आपोआप पुढे चालायची सोय ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना उरलेली नाही. म्हणजे नवीन कार्ड येईपर्यंत घरी बसायची वेळ येऊ शकते. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो त्याच आठवड्यात करा.

आणि इंटर्नशिपबद्दल: "पगार घेत नाही, मग चालतं ना?" असं सर्रास विचारलं जातं. कंपनीत, एरवी ज्याला पैसे देतात असं काम, बिनपगारी केलं तरी ते काम धरलं जाऊ शकतं. ना-नफा संस्थेतली, सगळेच जिथे फुकट करतात अशी सेवा चालते. कोर्समध्ये इंटर्नशिप सक्तीची असेल तर प्रवेशाआधीच विचारून ठेवा.

महाराष्ट्रातून थेट एफ-१ वर येऊन ही डिग्री करावी का?

नाही.

इतकं सरळ उत्तर दिल्यावर राग येतो, म्हणून हिशेब मांडते. तुम्हाला परदेशी विद्यार्थ्याची फी पडेल. डिग्रीनंतर ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी) मिळेल ती १२ महिन्यांची, कारण एचआर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांत मोडत नाही, २४ महिन्यांची वाढ नाही. आणि एच-१बी साठी निदान बॅचलर किंवा तिच्या तोडीचं शिक्षण लागतं. असोसिएट तिथे पुरत नाही. एजंट ही तीन वाक्यं एका दमात कधीच सांगत नाही. एचआरच करायचंय तर मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पुण्यात सिम्बायोसिसचं एससीएमएचआरडी आहे, एम.पी.एम. आणि एम.एल.एस. (कामगार अभ्यास) शिकवणारी विद्यापीठं आहेत. तिथून झालेल्या माणसाला भारतातच जास्त चांगली सुरुवात मिळते.

खर्च किती येतो?

राज्याराज्यात फार फरक आहे. कॅलिफोर्नियात रहिवाशांना फी एका युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर आहे, २०१२ पासून तेवढीच. म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. त्यावर पुस्तकं, पार्किंग, किरकोळ फी. अख्ख्या डिग्रीचे इतके पैसे अनेक विद्यापीठांत एका कोर्सला जातात. इतर राज्यांत याहून जास्त पडते, तरी विद्यापीठापेक्षा बरीच कमी.

पण 'रहिवासी' ठरणं महत्त्वाचं. बिगररहिवाशांची फी कितीतरी पट असते. कॅलिफोर्नियात राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचं, आणि इथेच राहण्याचा इरादा असल्याचं दाखवावं लागतं: लीज, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न. एच-४ वाल्यांना बऱ्याच राज्यांत रहिवासी म्हणून फी लागू शकते, पण काउंटरवरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. व्हिसा बघून तो तुम्हाला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या खिडकीकडे पाठवतो. नम्रपणे उभं राहा आणि रेसिडेन्सी विभागाचा माणूस मागा. घरातली सगळी बिलं, लीज, बँक खातं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असणं इथे नडतं. आजच एखाद्या बिलावर स्वतःचं नाव घालून घ्या.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर एफएएफएसए हा मदतीचा सरकारी अर्ज भरून पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत, मिळू शकते. २०२५-२६ साठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर, आणि ती परत करायची नसते. दोन अटी लक्षात असू द्या. एक, ती कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. दोन, बॅचलर झालेल्याला ती मिळत नाही, आणि ती बॅचलर भारतातली असली तरी धरली जाते. फॉर्मवर "पदवी नाही" असं दडवायचा सल्ला कुणी दिला तर तो कानाआड करा.

टेनेसी आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी आपल्या रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेजची फी जवळपास माफ केली आहे. त्यांच्याही अटी इमिग्रेशन स्टेटस आणि आधीची डिग्री याभोवतीच फिरतात.

टॅक्समध्ये लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (इथे क्रेडिट म्हणजे करातली सूट) आहे, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. एखादाच कोर्स घेतला तरी चालतो. मात्र नवरा-बायकोचं एकत्र उत्पन्न १,८०,००० डॉलरच्या वर गेलं की ते शून्य होतं. बे एरियातल्या बऱ्याच घरांना त्यामुळे या ओळीचा उपयोग नाही.

नोकरी कसली लागते, पगार किती?

असोसिएटवर मिळते ती एचआर असिस्टंट, एचआर कोऑर्डिनेटर, रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर, बेनिफिट्स किंवा पेरोल क्लार्क अशी. हॉस्पिटल, शाळा जिल्हे, गोदामं, हॉटेलं, काउंटीची कार्यालयं इथे जागा निघतात. मोठ्या टेक कंपनीत या डिग्रीवर थेट प्रवेश अवघड.

ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या मे २०२४च्या आकड्यांनुसार एचआर स्पेशालिस्टचा मध्यम वार्षिक पगार ७२,९१० डॉलर, एचआर मॅनेजरचा १,४०,०३०. कॉलेजच्या जाहिरातीत हेच आकडे झळकतात. पण दोन्ही पदांना साधारणपणे बॅचलर लागते, हे त्याच ब्युरोने लिहिलेलं जाहिरातीत येत नाही. असिस्टंटचा पगार याहून बराच खाली असतो, आणि त्या जागा पुढे कमी होत जातील असा अंदाज आहे, कारण रजेचा अर्ज, पत्ता बदल, पेस्लिप ही कामं आता वर्कडे, एडीपीसारख्या सॉफ्टवेअरवर कर्मचारी स्वतःच करतो. म्हणून असिस्टंट ही पायरी धरा, मुक्काम नको.

एचआरचं काम म्हणजे दिवसभर करतात काय? सण साजरे करणं आणि इंटरव्ह्यू घेणं?

भारतातल्या आयटी कंपनीतल्या रांगोळी स्पर्धा आठवत असतील तर त्या विसरा. इथे नवीन असिस्टंटच्या टेबलावर सगळ्यात आधी येतो तो आय-९ फॉर्म, नव्या माणसाला इथे काम करायची परवानगी आहे का ते तपासणारा. एका आय-९चं काम जवळून बघितलं तर हा पेशा तुम्हाला मानवेल का ते कळेल.

नवा कर्मचारी पहिल्या दिवसापर्यंत फॉर्मचा पहिला भाग भरतो. त्याच्या कामाच्या पहिल्या दिवसापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही मूळ कागद बघून दुसरा भाग भरता. कागदांच्या तीन याद्या आहेत. 'ए' यादीतला एक कागद पुरतो: अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी. नाहीतर 'बी'मधला एक आणि 'सी'मधला एक: समजा, ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड.

आता समोर एक जण बसलाय, उच्चारावरून परदेशातला वाटतो. त्याने लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड ठेवलं. तुम्हाला मनात वाटतं, ग्रीन कार्ड बघितलं असतं तर बरं. तसं म्हणालात तर कायदा मोडलात. कुठला कागद दाखवायचा हे कर्मचारी ठरवतो. तुम्ही फक्त यादी पुढे करायची. पण पुढे वाचा. त्या सोशल सिक्युरिटी कार्डावर 'डीएचएसची (गृहसुरक्षा खात्याची) परवानगी असेल तरच कामासाठी वैध' अशा अर्थाची ओळ छापलेली असेल, तर ते 'सी' यादीत चालत नाही, दुसरा कागद मागावाच लागतो. ईएडीवर काढलेल्या कार्डांवर नेमकी हीच ओळ असते. म्हणजे एका बाजूला जास्त मागितलं तर भेदभाव, दुसऱ्या बाजूला कमी तपासलं तर दंड. आणि तो फॉर्म जपायचा किती दिवस? रुजू झाल्यापासून तीन वर्षं किंवा नोकरी सोडल्यापासून एक वर्ष, यांतलं जे नंतर येईल तोवर.

हे वाचून कंटाळा आला असेल तर एचआर तुमच्यासाठी नाही, निदान सुरुवातीची वर्षं तरी नाही. "अरे, हे मला जमेल" असं वाटलं असेल तर जमेल.

मी पुण्यात पाच वर्षं एचआरमध्ये होते. तो अनुभव धरतात का?

धरतात, पण अर्धाच. माणसांशी बोलणं, तंटे मिटवणं, भरतीची घाई सांभाळणं हे जसंच्या तसं कामी येतं. कायद्याची पाटी मात्र कोरी करावी लागते. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, स्टँडिंग ऑर्डर्स इथे नाहीत. इथे १९३८चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट आहे, ज्यावर आठवड्याला ४० तासांपुढे दीडपट पगार आणि 'एग्झेम्प्ट'-'नॉन-एग्झेम्प्ट' (त्या नियमातून वगळलेले आणि न वगळलेले) ही सगळी वर्गवारी उभी आहे. १९६४च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचं टायटल सेव्हन आहे, वंश, धर्म, लिंग अशा कारणांवरून नोकरीत भेदभावाला बंदी घालणारं, १९६७चा वयावरून भेदभावाविरुद्धचा कायदा आहे, तो चाळिशीपुढच्यांना संरक्षण देतो. १९९०चा एडीए (अपंगांच्या हक्कांचा), १९९३चा एफएमएलए (कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा). शेवटच्यात १२ आठवडे रजा मिळते, बिनपगारी. बाळंतपणाची भरपगारी २६ आठवडे रजा देणाऱ्या देशातून आलेल्या एचआरला हे पचायला वेळ लागतो. शिवाय माँटाना सोडून सगळीकडे 'अ‍ॅट विल' नोकरी: नोटीस पीरियड नाही, रिलीव्हिंग लेटर नाही, शुक्रवारी दुपारी सांगितलं की सोमवारी यायचं नाही.

सगळ्यात जास्त मोडावी लागते ती इंटरव्ह्यूमधली सवय. "लग्न झालंय का? घरी कोण कोण असतं? मुलं लहान आहेत का? मूळ गाव कुठलं?" आपल्याकडे ही आपुलकी आहे, नुसती ओळख आहे. इथे हेच प्रश्न नंतर भेदभावाच्या तक्रारीत पुरावा म्हणून वाचले जातात. तुमच्या स्वतःच्या रेझ्युमेतूनही फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर हे सगळं काढून टाका. असा रेझ्युमे आला की इथली एचआर मंडळी खरोखर अस्वस्थ होतात, हे आम्हाला दिसायला नको होतं म्हणून.

आडनावावरून "तुम्ही कोणते?" हे चाचपणं तर नकोच नको. सिअॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी नियमात जातीचा समावेश केला, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. कॅलिफोर्नियाचं तसं विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारलं. पण भारतीय कर्मचारी मोठ्या संख्येने असलेल्या कंपनीत हा विषय एचआरच्या टेबलावर येतो, आणि तिथे त्याची बारकाई कळणारं माणूस उपयोगी पडतं. वर्गातल्या प्रेझेंटेशनला विषय हवा असेल तर हा घ्या, प्राध्यापकही ऐकत बसतील.

डिग्रीऐवजी सर्टिफिकेशन परीक्षा दिली तर?

भारतीय पदवी असलेल्यांना हाच मार्ग मी सुचवते, सर्टिफिकेट कोर्सच्या जोडीने. एचआरसीआय या संस्थेची एपीएचआर परीक्षा आहे, २०१६ पासून. तिला अनुभवाची अट नाही, डिग्रीचीही नाही. पुढची पीएचआर मात्र अनुभव मागते: बॅचलर असेल तर दोन वर्षं, नसेल तर चार. असोसिएट असली तरी चारच, हे नोंदवून ठेवा. दुसरी संस्था एसएचआरएम, एचआरवाल्यांची संघटना, १९४८ पासूनची. तिची एसएचआरएम-सीपी नोकरीच्या जाहिरातींत जास्त दिसते. डिग्रीची अट तिलाही नाही, पण प्रश्न प्रसंगावर आधारलेले असतात. कधी ऑफिसात काम केलं नसेल तर सगळेच पर्याय बरोबर वाटतात. म्हणून आधी एपीएचआर, मग एखाददोन वर्षं काम, मग दुसरी.

नुसत्या परीक्षेवर नोकरी मिळते का? क्वचित. परीक्षेमुळे रेझ्युमे वाचला जातो.

एका देसी कन्सल्टन्सीने 'यूएस आयटी रिक्रूटर' म्हणून बोलावलंय. डिग्री सोडून जाऊ का?

न्यू जर्सी आणि टेक्ससमध्ये ही ऑफर हमखास येते. काही कंपन्या चांगल्या आहेत, फोनवर दिवसाला शंभर लोकांशी बोलून जी सफाई येते ती वर्गात येत नाही. पण तीन गोष्टी दिसल्या तर परत फिरा: बिनपगारी 'ट्रेनिंग', पगाराऐवजी निव्वळ कमिशन, आणि उमेदवारांच्या रेझ्युमेत अनुभव 'वाढवायला' सांगणं. तिसरी गोष्ट सांगितली त्याच दिवशी उठायचं. ईएडीवर असताना फसवणुकीच्या भानगडीत नाव येणं परवडणारं नाही. ठीकठाक जागा असेल तर नोकरी घ्या आणि कोर्स संध्याकाळी चालू ठेवा.

ऑनलाइन केली तर कमी किंमत राहते का?

नाही. प्रमाणपत्रावर 'ऑनलाइन' असं छापत नाहीत. मात्र ओळखी होत नाहीत, आणि एचआरमध्ये पहिली नोकरी पुष्कळदा ओळखीतून लागते. रोजगार कायद्याचा कोर्स तरी प्रत्यक्ष वर्गात घ्या. शिकवणारे बऱ्याचदा दिवसा कुठेतरी एचआरमध्येच काम करणारे असतात.

कॉलेज बरं आहे की दुकान, हे कसं ओळखायचं?

मान्यता बघा: मिडल स्टेट्स, हायर लर्निंग कमिशन, एसएसीएससीओसी, एसीसीजेसी अशा संस्थांपैकी एकीची. शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर यादी शोधता येते. काउंटीचं सार्वजनिक कॉलेज असेल तर फारशी चिंता नाही. 'आजच नाव नोंदवा' म्हणून फोनवर फोन करणाऱ्या खाजगी, नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांपासून सांभाळा. कोरिंथियन कॉलेजेस २०१५ मध्ये आणि आयटीटी टेक २०१६ मध्ये रातोरात बंद पडली. विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कर्ज राहिलं आणि त्यांचे क्रेडिट इतर कॉलेजं घेईनात.

माझी मुलगी इथेच वाढलीय, बारावी झालीय. तिने एचआरची असोसिएट करावी?

तिला मी 'बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'ची ट्रान्सफरवाली डिग्री घ्यायला सांगेन, एचआर पुढे बॅचलरला घेता येतं. कॅलिफोर्नियात तर 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' केली की कॅल स्टेट विद्यापीठांच्या गटात जागेची हमी मिळते, हवं तेच कॅम्पस मिळेल असं नाही. दोन वर्षं घरी राहून, कमी फीत, आणि शेवटी प्रमाणपत्र विद्यापीठाचंच. "कम्युनिटी कॉलेज म्हणजे मार्क कमी पडलेल्यांचं" हा समज मराठी मंडळात अजून जोरात आहे. त्या समजापायी घर गहाण टाकलेले लोक आहेत.

ती एच-४ वर असेल तर २१व्या वाढदिवसाचं गणित आधी मांडा. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर स्टेटस बदलावं लागेल, बहुतेक एफ-१.

माझं इंग्रजी आणि उच्चार?

उच्चार चालतात. लेखी इंग्रजी चालायला हवं, कारण एचआरमध्ये लिहिलेलं प्रत्येक ईमेल उद्या वकिलापुढे जाऊ शकतं. कॉलेज प्लेसमेंट बघतं, गरज असेल तर ईएसएलचे, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांसाठीचे, वर्ग देतं. ते कमीपणाचे मानू नका.

काहीच अनुभव नाही. कुठून आणायचा?

मराठी मंडळातून. हे गमतीने म्हणत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला, २०२४चं सॅन होजेला झालं तसं, शेकड्यांनी स्वयंसेवक लागतात: त्यांची नोंदणी, पाळ्या लावणं, ऐनवेळी न आलेल्यांच्या जागी माणूस उभा करणं, दोन समित्यांमधलं भांडण तिसऱ्या दिवशीपर्यंत पेटू न देणं. हे रेझ्युमेवर 'व्हॉलंटियर कोऑर्डिनेशन' म्हणून, किती लोक आणि किती दिवस या आकड्यांसकट लिहा. शिवाय एसएचआरएमची विद्यार्थी सदस्यता घ्या आणि जवळच्या चॅप्टरच्या बैठकांना जा.

भारतात परतलो तर ही डिग्री चालेल?

ग्रॅज्युएशन म्हणून नाही. दोन वर्षांची असल्यामुळे ती आपल्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. अमेरिकन कंपनीच्या पुणे-हैदराबादच्या ऑफिसात इथल्या कायद्यांची माहिती उपयोगी पडते, पण तिथेही तुमची भारतीय पदवी आणि इथला अनुभव बघतील.

प्रवेश कधी, आणि आधी काय करू?

फॉल सेमेस्टर ऑगस्टच्या उत्तरार्धात, स्प्रिंग जानेवारीत. नोंदणी काही महिने आधी उघडते आणि संध्याकाळचे वर्ग सगळ्यात आधी भरतात. इव्हॅल्युएशनला वेळ लागतो, म्हणून ते आजच सुरू करा. ते येईपर्यंत एचआरच्या ओळखीचा एकच कोर्स घेऊन बघा. तो सर्टिफिकेटमध्येही धरला जातो आणि असोसिएटमध्येही. नाहीच आवडला तर कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये 'ड्रॉप विथ रिफंड'ची तारीख दिलेली असते, साधारण पहिल्या एकदोन आठवड्यांतली. ती फोनमध्ये टाकून ठेवा, कारण त्यानंतर पैसे परत मिळत नाहीत.